सगुणा भगवान पिसाळ यांचं खातं

“हेमा, आत्याचं माहेरचं आडनाव इंग्रजीत कसं लिहायचं गं? झेड लावायचा का जे-एच?”

मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हाताचं बोट हवेत तसंच धरलेलं. मी अक्षर सांगायचा अवकाश, की लगेच टेकवणार. मी परातीत भाकरीचं पीठ मळत होते. मे महिना होता, माझ्या शाळेला सुट्टी होती, लेक आजोळी गेली होती आणि नवरा, उदय, नोकरीला चाकणला. कराडच्या त्या घरात तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या.

“झांजुर्णे ना? झेडनंच लिहीत असतील,” मी म्हटलं. “कशाला हवंय?”

“काही न्हाई. फॉर्म भरतोय एक.”

एवढं बोलून ते परत सोप्यात गेले.

मी भाकरी थापायला घेतली. निम्मी थापून झाली आणि हात थांबला. आत्यांना जाऊन दोन वर्षं उलटून गेली होती. गेलेल्या बाईचं माहेरचं आडनाव कुठल्या फॉर्मला लागतं? तवा तसाच ठेवून, गॅस बंद करून मी पिठाच्या हातांनीच बाहेर आले.

मामा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. चष्मा कपाळावर चढवून मोबाइल डोळ्यांजवळ धरला होता.

“दाखवा बघू काय आहे ते.”

“झालंच आता. ओटीपी तेवढा टाकायचा राहिलाय. मघाशी एक टाकला, आता दुसरा मागतंय.”

“मामा, थांबा! काही टाकू नका!”

मी मोबाइल त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच. काचेवर पिठाची बोटं उमटली. ती पुसेपर्यंत वरून मेसेज खाली आला. खात्यातून पैसे गेले होते. थोडेथोडके नव्हे, निम्म्याहून जास्त.

मामांनी तो मेसेज वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा खाली ओढून म्हणाले, “म्हंजे?”

हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर मला एवढा धक्का बसला नसता. मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी हयात स्टँडवरच्या काचेच्या खोलीत माइकसमोर गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला, कुणाची ड्यूटी संपली, कुठला ड्रायव्हर खोटं बोलतोय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. बँकेच्या नावानं फोन आला की ते पहिल्यांदा विचारायचे, “कुठल्या आगारातनं बोलताय?” आणि पलीकडचा गडबडला की फोन ठेवून द्यायचे. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना कट्ट्यावर बसवून शिकवायचे, की बँक कधी पासवर्ड विचारत नाही, ओटीपी पोटच्या पोराला बी सांगायचा नाही, मेलमधल्या बटणावर बोट ठेवायचं नाही. समोरच्या शंकरअण्णांना एकदा लॉटरी लागल्याचा मेल आला, तेव्हा मामांनी त्यांना इतकं फैलावर घेतलं होतं की अण्णा चार दिवस कट्ट्यावर आले नाहीत.

आणि आज हाच माणूस माझ्यासमोर “म्हंजे?” म्हणून बघत होता.

मी मेल उघडला. वर बँकेचं चिन्ह होतं, अगदी हुबेहूब. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रिय ग्राहक, आपला खाता आज सायंकाळी कायमची बंद होणार आहे. चालू ठेवण्यासाठी त्वरित माहिती भरावे.’ त्याखाली निळं बटण. पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला, तर बँकेच्या नावामागे भलतीच अक्षरं आणि आकडे जोडलेले. ‘आपला खाता’ वाचून मी मामांकडे बघितलं. स्टँडवरच्या पाटीवर एक वेलांटी चुकली तरी मामा रंगाऱ्याला परत शिडीवर चढवत.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की हा मेल मामांना आलेलाच नव्हता. आत्यांसाठी मीच कधीतरी काढून दिलेला जो पत्ता होता, त्यावर आला होता.

“हे आत्यांचं खातं आहे?” मी विचारलं. “ते तर तुम्ही तेव्हाच बंद केलं होतं ना? उदयला तसं सांगितलं होतं तुम्ही.”

मामांनी खिडकीबाहेर बघितलं.

विचारत बसायला वेळ नव्हता. सायबर फसवणुकीच्या मदतीचा नंबर, एकोणीसशे तीस, मामांनीच मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवला होता. मी तो लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि काय झालं ते सांगितलं. पलीकडचा मुलगा शांतपणे एकेक गोष्ट विचारत होता. कुठली बँक, पैसे कधी गेले, मेसेजमधला व्यवहाराचा क्रमांक काय. मामाच उत्तरं देत होते, चोख.

“खातेदाराचं नाव?”

“सगुणा भगवान पिसाळ.”

“आपण कोण बोलताय?”

“मी त्यांचा मालक. भगवान पिसाळ.”

“ठीक आहे. जरा मॅडमना फोन देता का?”

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“ती... बाहेर गेलीया,” ते म्हणाले.

पलीकडच्या मुलानं बिचाऱ्यानं “बरं बरं” म्हटलं, तक्रार नोंदवून घेतली आणि सांगितलं की आत्ताच्या आत्ता शाखेत जा, खातं गोठवायला सांगा, तासाभरात हालचाल केली तर पैसे वाटेतच अडवता येतात.

मी हात धुतले, साडीचा पदर खोचला आणि स्कूटीची किल्ली घेतली. मामा खुर्चीतून उठले नव्हते.

“चला मामा.”

“नको.”

“नको काय? वेळ जातोय.”

“जाऊ दे. गेलं ते गेलं. बँकेत न्हाई जायचं.”

“अहो, अजून बरेच शिल्लक आहेत खात्यात! तुम्ही पासवर्ड दिलाय त्यांना, ते काय सोडणार आहेत?”

“नेऊ देत.”

माझा पारा चढला. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी मामांना कधी उलटून बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. “तुम्हाला लाज वाटतेय का? शंकरअण्णा काय म्हणतील, लोक हसतील, म्हणून? आत्यांनी शेवया वळून वळून साठवलेले पैसे आहेत ते. उन्हात पाट मांडून बसायच्या. तुमच्या लाजेपायी ते चोरांच्या घशात घालायचे?”

मामांनी मान वर केली. डोळे भरलेले होते. मला वाटलं, ओरडतील. पण ते उठले, खुंटीवरचा शर्ट काढला, गुंड्या लावल्या, खिशाला पेन अडकवलं आणि म्हणाले, “चल.”

स्कूटीवर माझ्यामागे ते अवघडून बसले होते.

बँकेत गर्दी होती. आमच्या शाखेत मुलाणी मॅडम नावाच्या अधिकारी होत्या, फरीदा मुलाणी. पन्नाशीच्या, चष्म्याची साखळी गळ्यात, बोलणं तुटक, पण कामाला वाघ. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. त्यांनी आधी हातातलं काम बाजूला सारलं आणि संगणकाकडे वळल्या.

“खातेदार कोण?”

“सगुणा भगवान पिसाळ,” मामा म्हणाले.

“त्यांना आणलंय का? अर्जावर त्यांची सही लागेल.”

मी बोलायला तोंड उघडलं. मामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“ती वारली,” ते म्हणाले.

ज्या माणसाचा आवाज अख्ख्या स्टँडवर, गाड्यांच्या घरघरीतून, शेवटच्या फलाटावरच्या म्हातारीपर्यंत पोचायचा, त्याचा आवाज समोरच्या टेबलापर्यंत पोचला नाही.

“काय म्हणालात काका? ऐकू नाही आलं.”

“वारली ती. माझी बायको वारली. दोन वर्षं झाली.”

शेजारच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मुलाणी मॅडमनी त्यांच्याकडे एकदा नुसतं बघितलं आणि ती वळली तशी परत सरळ झाली. मग मॅडमची बोटं कळफलकावर चालली. “खातं गोठवलं,” त्या म्हणाल्या. “आता एक पैसा बाहेर जाणार नाही. कार्डही बंद केलं. गेलेल्या पैशांच्या मागे लागते. तुम्ही बसा काका. पाणी घ्या.”

त्यांनी दोन-तीन फोन केले. कुणाशी तरी इंग्रजीत, कुणाशी हिंदीत, शेवटी कुणाला तरी चक्क दम दिला. मामा पाण्याचा ग्लास हातात धरून बसले होते, प्याले नव्हते. फोन ठेवून मॅडमनी मोबाइल मागितला, तो मेल वाचला.

“काका, तुम्ही एसटीतले पिसाळ ना? गाडी लागल्याचं तुम्ही माइकवर सांगायचात, माझे वडील त्या आवाजावर घड्याळ लावायचे.” त्या जराशा हसल्या. “तुमच्यासारख्या माणसाला हे कळलं नाही? बघा, आमची बँक पत्र लिहिते तेव्हा खातेदाराचं नाव लिहिते. यात नाव कुठंय? नुसतं प्रिय ग्राहक.”

“ते खटकलं मला,” मामा हळूच म्हणाले. “दर महिन्याला नाव असतंय.”

“मग?”

“‘आपला खाता’ बी खटकलं. पत्ता बी खटकला.”

“मग तरी बटण दाबलंत?”

मामांनी ग्लास टेबलावर ठेवला. बराच वेळ ग्लासाखाली उमटलेला ओला गोल बोटानं पुसत राहिले.

“मॅडम, घर माझ्या नावावर हाय,” ते म्हणाले. “रानाचा तुकडा माझ्या नावावर. गॅस माझ्या नावावर, लाइटबिल माझ्या नावावर. रेशनकार्डावर बी पयलं नाव माझंच. कधी हिनं तक्रार न्हाई केली. पन एक दिवस मला म्हनली, माझ्या नावाचं काय हाय हो या घरात? मी हसलो. म्हनलं, मी हाय की. तर म्हनली, तुमच्या शर्टावरच्या पाटीवर बी तुमचंच नाव हाय.”

मुलाणी मॅडम पेन खाली ठेवून ऐकत होत्या.

“मग ती सही शिकली. उदयच्या पाटीवर गिरवून गिरवून. आनि शेवयांच्या पैशातनं तिनं ह्ये खातं काढलं. ह्याच शाखेत. पुढं दर महिन्याला बँकेचा मेल यायचा, त्यात तिचं अख्खं नाव असायचं. सगुणा भगवान पिसाळ. मी वाचून दाखवायचो. पैसे किती ते तिनं कधी विचारलं न्हाई. नाव कुठं लिवलंय ते दाखवा म्हनायची.”

त्यांचा आवाज फुटला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असा हात मी आधी कधी ठेवला नव्हता.

“ती गेल्यावर बी मेल यायचा. उदय म्हनला, खातं बंद करून टाका आप्पा. मी बँकेच्या दारापर्यंत आलो आनि परत गेलो. घरी सांगितलं, केलं बंद. म्हनलं, कुनी तर तिला नावानं लिवतंय अजून. आज सकाळी बघतोय तर, कायमचं बंद. आज संध्याकाळी. मग मी काय बघितलं न्हाई मॅडम. चुकलेलं सगळं दिसत होतं मला. दिसत होतं आनि बोट चालतच होतं.”

मघाशी घरात ‘तुम्हाला लाज वाटतेय का’ म्हणून मी काय काय बोलले होते, ते सगळं कानात वाजत होतं.

मुलाणी मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“काका, ही माणसं तेच करतात,” त्या म्हणाल्या. “माणूस अडाणी असतो म्हणून नाही फसत. त्याला कशाची तरी धास्ती असते, आणि बरोबर तिथंच बोट ठेवलं जातं. आमच्या एका निवृत्त न्यायाधीशांना पेन्शन थांबेल म्हणून मेल आला होता. आज संध्याकाळपर्यंत, आत्ताच्या आत्ता, असं कुणी लिहिलं ना, की मोबाइल पालथा ठेवायचा आणि सरळ इथं यायचं. बँकेला एवढी घाई कधीच नसते. तुम्हाला तर ठाऊकच आहे, आमच्याकडे साधं पासबुक भरून घ्यायला किती वेळ लागतो ते.”

मामा कसंनुसं हसले.

“पण आता एक सांगते,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “गेलेल्या माणसाचं खातं असं चालू ठेवता येत नाही. तुम्ही वारस आहात, नाव लावलंय त्यांनी तुमचं. मृत्यूचा दाखला आणि अर्ज द्या. पैसे तुमच्या खात्यात येतील. हे बंद करावं लागेल.”

“ठावं हाय.”

“आज नको असेल तर उद्या या. गोठवलंय, आता घाई नाही.”

मामांनी खिशातलं पेन काढलं. “न्हाई. द्या कागद. दाखला हाय माझ्याकडं.”

दाखला त्यांच्या पाकिटातच होता, घडी घालून घालून मऊ झालेला. दोन वर्षं ते तो जवळ बाळगून हिंडत होते. त्यांनी अर्ज भरायला घेतला. अक्षर पहिल्यापासून देखणं त्यांचं. आत्यांचं पूर्ण नाव लिहिताना मात्र ते इतके सावकाश लिहीत होते, की मागच्या रांगेतला एक जण कुरकुरला. मुलाणी मॅडमनी त्याला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. खाली सही केली आणि मामांनी पेनाला टोपण लावलं.

गेलेले बरेचसे पैसे वाटेतच अडले होते. पुढे महिना-दीड महिन्यानं ते परत मिळाले. थोडे गेले ते गेलेच. पण त्या क्षणी आम्हाला दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

बाहेर आलो तर ऊन रणरणत होतं. मला आठवलं, भाकरी तव्याबाहेरच राहिली होती आणि मामांनी सकाळपासून चहाखेरीज काही घेतलं नव्हतं. बँकेच्या पलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. मी त्यांना तिथल्या बाकावर बसवलं आणि दोन ग्लास सांगितले. चरकाला बांधलेली घुंगरं छमछम वाजत होती.

“मामा, मघाशी मी घरात बोलले ते—”

“गप. बरोबर बोललीस. तू वरडली नसतीस तर मी उठलोच नसतो.” त्यांनी रसाचा घोट घेतला. आणि अचानक खुदकन हसले.

“काय झालं?”

“अगं, तुला म्हाईत न्हाई. खात्यात पयल्यांदा पैसे भरले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी ही परत बँकेत. मला न सांगता. खिडकीवर जाऊन म्हनली, माझ्या नोटा दाखवा. त्यो पोरगा म्हनला, मावशी, तुमच्या नोटा तशा बाजूला ठेवत न्हाईत, सगळ्यांच्या एकात असतात. झालं! ही तिथंच बसली फतकल मारून. माझ्या नोटांना हळद लागलीय, म्या वळखते, काढा म्हनं सगळं भाईर. शेवटी मला स्टँडवर फोन आला बँकेतनं. ड्यूटी सोडून धावत आलो. बघतोय तर हिला सायबानं आत बसवलंय आनि दोघं च्या पेत्यात!”

मला हसू आवरेना. मामाही हसत होते, खांदे गदगदा हलत होते, ग्लासातला रस हिंदकळत होता. हसता हसता कधी त्यांचा चेहरा बदलला ते कळलं नाही. त्यांनी ग्लास बाकावर ठेवला, उपरण्यात तोंड घातलं आणि भर रस्त्यात, भर दुपारी ते रडले. आत्यांच्या तिरडीपाशी रडले नव्हते. तेव्हा सगळ्यांना “व्हा पुढं, गाडी थांबलीय” म्हणत होते. मी शेजारी बसून राहिले. रसवाल्यानं न मागता एक ग्लास भरून आणून ठेवला आणि निघून गेला.

बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड पुसलं.

“उदयला लाव फोन.”

“संध्याकाळी मी सांगते मामा. तुम्ही नका त्रास करून घेऊ.”

“न्हाई. खोटं मी बोललोय, मीच सांगतो.”

मी फोन लावून दिला. मामांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला.

“उदय, मी बोलतोय. जेवलास का? ... बरं. अरे, मी फसलो आज. मेल आला, त्यात फसलो. ... व्हय, मीच. हस की, हस. ... न्हाई, हेमा हाय संगं, बँकेत जाऊन आलो आम्ही. झालं सगळं. आनि एक... तुझ्या आईचं खातं आज बंद केलं.” ते थांबले. “आज. तवा न्हवतं केलं. तवा मी तुला खोटं सांगितलं.”

मग ते नुसते ऐकत राहिले. उदय काय म्हणत होता ते मला ऐकू येत नव्हतं. मामांचा चेहरा मात्र मला दिसत होता. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या.

“तुझ्याकडं बी हाय?” ते म्हणाले. “तिचा नंबर? अजून तसाच ठिवलायस? ... आनि कधी लावतोस व्हय?”

चरक पुन्हा सुरू झाला. घुंगरं जोरात वाजायला लागली. मामांनी एका हातानं कान झाकला, मग वळून, स्टँडवरच्या त्या खणखणीत आवाजात रसवाल्याला म्हणाले,

“बाबा, जरा थांबव ते. पोरगं बोलतंय माझं.”